हाराची जागा

माझ्या मुलीने माझं चित्र केलं, आणि त्यात माझ्या डोक्याच्या दोन्ही बाजूंनी खाली छातीपर्यंत एक पट्टा कोरा सोडला. बाकी सगळं चित्र गच्च भरलेलं. तो पट्टा बघून लोकांना काय काय वाटलं ते मी सांगेनच. मला काय वाटलं ते समजायला मात्र आधी आमचं दुकान समजायला हवं.

बुधवार पेठेत, पुस्तकांच्या दुकानांमागच्या बोळात आमचं फोटो फ्रेमिंगचं दुकान आहे. सासऱ्यांनी काढलेलं. आता माझे मिस्टर, हिंदुराव, चालवतात. काच कापायला रज्जाकभाई आहेत, तेही सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. मी माहेरची लोणी काळभोरची. लग्न होऊन आले तेव्हा वाटलं होतं, फ्रेमवाल्यांचं घर म्हणजे भिंतीभर फोटो असतील. घरात एक कॅलेंडर होतं, तेही मागच्या वर्षीचं. गिऱ्हाइकांचं करता करता घरचं राहून जातं, असं सासूबाई म्हणाल्या, आणि ते आजतागायत राहिलेलंच आहे.

दुकानात दोन प्रकारची कामं येतात. एक साधं आणि एक हाराचं. गिऱ्हाईक कधी ‘आई गेली’ असं म्हणत नाही. फोटो काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, ‘हाराचा करायचाय.’ आमचे हे एरवी दोन शब्द सुनावल्याशिवाय कुणाला पावती देत नाहीत, पण हाराच्या कामाला त्यांचाही आवाज खाली येतो.

हाराच्या फोटोची आमच्याकडे वेगळी रीत आहे. चेहरा जरा खाली घ्यायचा. कानांच्या बाहेरून खांद्यांवरून खाली, जिथे हार येणार, तिथे महत्त्वाचं काही ठेवायचं नाही. वरच्या दोन कोपऱ्यांत हार अडकवायला दोन हुक. साध्या फोटोला मागे एक दोरी पुरते. सासऱ्यांच्या काळात एका घरचे लोक भांडायला आले होते, की आजोबांच्या पगडीचा तुरा हाराखाली गेला, आता आजोबा आजोबा वाटत नाहीत. त्यानंतर सासऱ्यांनी हाराच्या आकाराचा एक पुठ्ठा कापला. फोटोवर ठेवायचा आणि काय झाकलं जातंय ते बघायचं. तो पुठ्ठा अजून दुकानात खिळ्याला टांगलेला आहे. कडा हात लागून लागून काळ्या झाल्या आहेत. नीरजा लहान असताना शाळेतून थेट दुकानात यायची आणि तो गळ्यात घालून आरशासमोर उभी राहायची. मी तिच्या पाठीत धपाटा घालायचे. जरा मोठी झाल्यावर फोटोवर पुठ्ठा धरायचं काम तिनेच घेतलं. ‘बाबा, ह्या आजीचा कान जातोय,’ असं अगदी गंभीरपणे सांगायची.

यंदा उन्हाळ्याच्या आधी माझं पोट दुखायला लागलं. मी ओवा खाऊन दिवस काढले. मग खाल्लेलं टिकेना, तेव्हा ह्यांनी दवाखान्यात नेलं. घशातून नळी घालून तपासलं. नंतर डॉक्टरांनी ह्यांना आणि नीरजाला आत बोलावलं आणि मला बाहेर बाकावर बसवलं. पोट माझं, पण बसायला बाहेर. बऱ्याच वेळाने दोघं आली. हे म्हणाले, “अल्सर आहे. तिखट बंद.” नीरजा वर पंख्याकडे बघत होती. पंखा बंद होता.

त्या दिवसापासून घरात सगळे गोड वागायला लागले. भाजीत मीठ जास्त पडलं तर ‘समुद्र आणलास का’ असं विचारणारा माणूस मुकाट जेवायला लागला. येताना आंबे आणायला लागला, आणि तेही निवडून. माझ्याशी भांडण काढलं तर भांडेना. तीस वर्षं ज्याच्या जिभेला धार लावायची गरज पडली नाही त्याने एकदम ‘दमलीस का’ विचारावं, याची मला धास्तीच वाटली. शंका आली होती, नाही असं नाही. पण शंका आली की विचारावं लागतं, आणि विचारलं की उत्तर ऐकावं लागतं. एकदाच धीर करून विचारलं, “अल्सरच ना?”

“अल्सरच. तुला काय वाटलं, पोटात सोनं सापडलं?” हे म्हणाले आणि मोरीत गेले. बराच वेळ नळ चालू होता. रोज पाण्याच्या थेंबावरून आम्हाला बोलणारा माणूस.

आम्ही तिघं घरात होतो आणि तिघंही नाटक करत होतो. मला त्याचा पोटापेक्षा जास्त त्रास व्हायचा. मला नीरजाशी बोलायचं होतं. आजीच्या पाटल्या कुठे आहेत इथपासून ते बाबांना गोळ्या कशा भांडून द्याव्या लागतात इथपर्यंत, आणि तिच्यावर माझा किती जीव आहे तेही, जे आमच्यासारख्या घरात कुणी कुणाला म्हणत नाही. पण जिला नुसता अल्सर झालाय, ती बाई असं काय म्हणून बोलणार? माझं मरण त्या दोघांनी माझ्यापासून लपवून ठेवलं असेल, तर माझं बोलणंही त्याबरोबरच लपून जाणार होतं. मला खरं हवं होतं. खरं कळल्यावर काय होईल याची भीतीही होती.

अशात नीरजा म्हणाली, “आई, तुझे फोटो दे.” ती कर्वेनगरला कलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे.

“कशाला?”

“फायनलचं काम आहे. तुझं पोर्ट्रेट करतेय.”

“मग मी बसते की समोर. बिनपगारी बाई मिळाली तुला.”

“तसं नाही गं. कोलाज आहे. फोटो कापून चिकटवायचे, त्यावर रंगवायचं, कापड, लाकूड काय काय लावायचं.”

“माझे फोटो कापलेस तर तुझे हात मोडीन,” मी म्हटलं. तेव्हा तिने सगळ्यांच्या मोठ्या झेरॉक्स काढून आणल्या आणि त्या कापल्या.

शोधायला बसलो तर माझा एकटीचा फोटोच निघेना. कुठे बारशात मागच्या रांगेत, कुठे भावाच्या लग्नात हातात ताटांची चळत घेऊन, अर्धं तोंड कुणाच्या तरी फेट्यामागे. नीरजा एकेक फोटो खिडकीशी नेऊन बघायची. दुकानातून तिने फ्रेमच्या पट्टीचे उरलेले तुकडे नेले, रंधा मारताना निघालेली लाकडाची साल नेली, माझ्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा चंदेरी कागदही नेला. काम मात्र कॉलेजातच केलं. घरी यायची तेव्हा बोटांना गोंद लागलेला असायचा आणि डोळे सुजलेले. विचारलं की म्हणायची, गोंदाच्या वासाने होतं.

प्रदर्शनाला आम्ही दोघं गेलो. हॉलच्या शेवटच्या भिंतीवर मी होते. चित्र चांगलं कमरेएवढं उंच. आधी मला माझी इरकल दिसली, जी मी महिनाभर शोधत होते. साडीच्या जागी तिने खरंच साडी लावली होती, पदराचा तुकडा कापून. तिथेच बोलणार होते, पण चारचौघांत गप्प बसले.

नीरजाच्या शिक्षिका, सरोजिनी मॅडम, आलेल्या लोकांना चित्र दाखवत होत्या. बाई शांत, उगाच जड शब्द वापरत नव्हत्या. “आधी डोळे बघा,” त्या म्हणाल्या. “डावा लग्नाच्या फोटोतला आहे, उजवा आत्ताचा. डावा आपल्याकडे बघतोय आणि उजवा आपल्या मागे कुठेतरी. म्हणून ही बाई जवळ आहे असं वाटतं, आणि जवळ नाही असंही वाटतं.” मी नीट पाहिलं. खरंच, बावीस वर्षांची मी त्या लोकांकडे टकामका बघत होते आणि आत्ताच्या मला त्यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

“आता हात बघा. चेहऱ्यापेक्षा मोठे आहेत. मूळ फोटोत ह्या हातांत ताटं होती, ती नीरजाने काढून टाकली. आता हे हात काही द्यायला पुढे आलेत की मागायला, ते आपण ठरवायचं.”

मागची बाजू सगळी माणसांनी भरलेली होती. माझ्या फोटोंमधली सगळी वऱ्हाडी मंडळी, अंगठ्याएवढी कापून, एकाला एक लावून. केसांच्या जागी रंध्याची साल. एका कोपऱ्यात गोळ्यांच्या चंदेरी कागदाची खिडकी. आणि ह्या सगळ्या गर्दीत माझ्या डोक्याच्या दोन्ही बाजूंनी उतरत आलेला, छातीवर जुळलेला, तो कोरा पट्टा.

“मॅम, हा हॅलो आहे का? देवाच्या फोटोत डोक्यामागे तेजाचं वलय असतं तसा?” एका मुलाने विचारलं.

“असेलही,” मॅडम म्हणाल्या. “मी नीरजाला विचारलं होतं, ती म्हणाली, माहीत नाही. मला वाटतं, ह्या चित्रातलं सगळं दुःख ह्या जागेत आहे. बाकी ठिकाणी ती आईला आठवतेय. इथे आल्यावर तिचा हात थांबलाय.”

मला कळेना, दुःख कसलं. जिवंत आई चहा पीत मागे उभी आहे. मी ह्यांच्याकडे बघितलं, म्हटलं काहीतरी खोचक बोलतील. ह्यांचा उजवा हात वर आला होता. दुकानात रोज करतात तसं बोटांनी हवेत माप घेत होते, कानाच्या बाहेरून, खांद्यावरून, खाली. अर्ध्यात तो हात थांबला. त्यांनी तो खिशात घातला आणि खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर पार्किंग होतं.

मग मी परत चित्राकडे बघितलं, आणि मला तो आकार ओळखू आला. इतकी वर्षं खिळ्याला टांगलेला बघितलेला आकार. चेहरासुद्धा जरा खाली घेतलेला होता. हाराची जागा होती ती. माझ्या मुलीने माझा हाराचा फोटो केला होता.

मला भीती वाटली. हातातला कप खाली ठेवावा लागला. मग राग आला, तोही दोघांचा. सगळ्या पुण्याला भिंतीवर लावून दाखवलं आणि मला तेवढं सांगितलं नाही. मग नीरजा दिसली. पाहुण्यांना बिस्किटं देत होती, हसत होती, आणि प्रत्येक वेळी ताट पुढे करताना माझ्याकडे बघत होती, मी उभी आहे ना ते बघायला. बावीस वर्षांची पोर, आणि एवढं ओझं घेऊन हसतेय.

मी मॅडमपाशी गेले आणि म्हटलं, “छान सांगितलंत.” मनापासून म्हटलं. जागा त्यांनी बरोबर ओळखली होती.

रिक्षात हे रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलत राहिले. मी विचारलं, “चित्राला फ्रेम कुठली करायची?”

“करू नंतर. घाई काय आहे?” ते म्हणाले, आणि मग घरापर्यंत खड्ड्यांबद्दलही बोलले नाहीत.

प्रदर्शन संपल्यावर चित्र दुकानात आलं. ह्यांनी ते माळ्यावर भिंतीकडे तोंड करून ठेवलं. मी रोज विचारायचे, ते रोज पट्टी संपलीय म्हणायचे. फ्रेमवाल्याच्या दुकानात पट्टी संपलेली. शेवटी एका दुपारी, हे माल बघायला बाहेर गेले होते तेव्हा, मी रिक्षा करून दुकानात गेले. रज्जाकभाई एकटेच होते. मला बघून उठले, स्टूल पुसून दिलं. हेही नवीन होतं. पूर्वी ते ‘वहिनी, पंख्याखालून सरका, काच उडेल’ एवढंच बोलायचे.

“माझं चित्र खाली काढा,” मी म्हटलं. “फ्रेम करायचीय.”

“हिंदुराव येऊ द्या, वहिनी.”

“त्यांना वेळ नाही. मला आहे.”

त्यांनी काढलं आणि टेबलावर ठेवलं. मी खिळ्यावरचा पुठ्ठा काढला आणि चित्रावर ठेवला. कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही. चेहरा पूर्ण दिसत होता, दोन्ही कान दिसत होते, हात दिसत होते. ‘ह्या आजीचा कान जातोय’ म्हणायची ती पोर काम चोख शिकली होती. रज्जाकभाईंनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले.

“तो पुठ्ठा ठेवा, वहिनी,” ते म्हणाले.

“तुम्हाला केव्हा कळलं?”

“मला विचारू नका. हिंदुरावांनी मला माझ्या मुलीची शपथ घातलीय.”

“राहू द्या मग. शपथ मोडू नका,” मी म्हटलं. एवढ्यावर माझं काम झालं होतं. अल्सरसाठी कुणी कुणाला लेकीची शपथ घालत नाही.

मी पट्टी निवडली, साधी सागाची, नक्षी नसलेली. रज्जाकभाईंनी मापं घेऊन ती कापली, जोडली, काच बसवली. काच पुसताना ते माझ्या चेहऱ्यावरून फडकं फार हळू फिरवत होते. मागची दोरी त्यांनी लावली. मग मी खण उघडला, दोन पितळी हुक काढले, पेचकस घेतला आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात पहिला हुक बसवायला लागले. हातात जोर नव्हता. दर फेऱ्याला थांबावं लागत होतं. रज्जाकभाई पुढे आले तेव्हा मी मानेनेच नाही म्हटलं. ते बाहेर फळीवर जाऊन बसले.

दुसरा हुक लावत होते तेव्हा नीरजा आली. कॉलेजातून घरी गेली असणार, मी नाही म्हणून धावत इकडे आली असणार. दारातच थांबली. आधी तिला फ्रेम दिसली, मग हुक, मग शेजारचा पुठ्ठा. हुक कशाचे, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

“आई, दोन का लावतेस?” तरी तिने विचारलंच.

“तू जागा सोडलीस ना, म्हणून.”

“मी सोडली नाही.” तिने पुठ्ठा उचलला, चित्रावर धरला, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. “मी मुद्दाम नाही केलं गं. खरंच नाही. तिथे काही लावताच येईना. आधी आभाळ लावलं, मग तुझ्या साडीचे काठ लावले, मग पानं लावली. काहीही लावलं की वाटायचं, हे इथे नको, हे झाकलं जाईल. सगळं काढून टाकलं. कशाने झाकलं जाईल ते मला कळलंच नाही.”

“हाताला कळलं होतं,” मी म्हटलं. “लहानपणापासून तेच केलंयस.”

“मग तू आत्ता का लावतेस? आत्ता कशाला, आई?”

“नंतर तू आणि बाबा लावणार. तेव्हा तुमचे हात थरथरतील आणि काच तडकेल. आत्ता माझेही थरथरतायत, पण मला ओरडणारं कुणी नाही.”

ती माझ्या मांडीत डोकं घालून रडली. लहानपणी पुठ्ठ्यापायी धपाटा खाऊन रडायची, त्यानंतर इतकं मोठ्याने तिला रडताना मी ऐकलं नव्हतं. मीही रडले. किती दिवसांनी आम्ही दोघी खरं काहीतरी करत होतो. मी तिला म्हटलं, तुझ्यावर माझा फार जीव आहे. ती म्हणाली, माहीत आहे. म्हणायला इतकं सोपं होतं, आणि आमचा सगळा उन्हाळा त्याच्याविना गेला होता.

हे केव्हा आले ते आम्हाला कळलं नाही. मान वर केली तेव्हा टेबलाच्या पलीकडे उभे होते. पट्टी बघितली, काच बघितली, मग हुकांकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, अल्सरच आहे, हे काय खूळ. त्यांचं तोंड तसं उघडलंही होतं.

“डावा वर गेलाय,” ते म्हणाले. “हार तिरका बसेल.”

त्यांनी माझ्या हातातून पेचकस घेतला. डावा हुक काढला, मोजपट्टी लावून माप घेतलं, पेन्सिलीने खूण केली आणि जरासा खाली परत बसवला. मग दोन्ही हुकांवर बोट ठेवून पाहिलं, सारखे आहेत का. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी काचेवर पडत होतं आणि ते बाहीने पुसत होते, माझ्या चेहऱ्यावरून, हातांवरून, त्या कोऱ्या पट्ट्यावरून. नीरजाने त्यांना फडकं दिलं.

“इरकल कापलीय पोरीने,” मी म्हटलं. “ओरडा तिला.”

“तूच डोक्यावर चढवलीयस,” ते म्हणाले. आवाज घोगरा होता, पण सूर जुना होता. मला बरं वाटलं.

चित्र आम्ही घरी आणलं आणि बैठकीत लावलं. आमच्या भिंतीवरचा तो पहिला फोटो. हुक रिकामे आहेत, आणि आल्यागेल्याची नजर आधी तिथे जाते. संध्याकाळी मी हिरव्या मिरच्या भाजल्या, लसूण घातला, मीठ घातलं आणि तव्यावर ठेचा केला. तिघांच्या ताटात वाढला, माझ्याही. मी पहिला घास घेतला तेव्हा दोघं माझ्याकडे बघत होती. कुणी नको म्हणालं नाही.